कर्करोग विभागातील क्लिनिकल फार्मासिस्ट: पाच माणसे कोठे नेमावीत?

गोव्यातील एका रुग्णालयाच्या औषध विभागप्रमुखांनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे कर्करोग विभागासाठी क्लिनिकल फार्मासिस्टची, म्हणजे रुग्णाच्या औषधांची निवड आणि डोस तपासणाऱ्या फार्मासिस्टची, पाच पदे मंजूर झाली आहेत. पाचही जण फार्म डी (औषधशास्त्राचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम) पदवीधर असून त्यांपैकी दोघांना केमोथेरपीच्या कामाचा पूर्वानुभव आहे. डे-केअर केमोथेरपी (दाखल न होता दिवसभरात घ्यायची), मेडिकल ऑन्कॉलॉजीचा (औषधांनी कर्करोगावर उपचार करणारा) वॉर्ड, रक्तविकार आणि बालरुग्ण, शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पॅलिएटिव्ह केअर (वेदना व त्रास कमी करणारी सेवा) अशा सहा ठिकाणांहून मागणी आहे. शिवाय मडगाव आणि म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एकेक दिवस कोणीतरी जावे, असे प्रशासनाचे म्हणणे आहे. खाटांच्या प्रमाणात माणसे वाटावीत, की मोठ्या विभागांना एकेक देऊन पाचवा जिल्ह्यांसाठी राखावा, असे त्यांनी विचारले आहे. पुढील उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

माझ्या मते या दोन्ही वाटण्या चुकीच्या ठरतील. कर्करोगाच्या उपचारात औषधाचा निर्णय ज्या क्षणी पक्का होतो आणि त्यानंतर मागे घेता येत नाही, ते क्षण आपल्या रुग्णालयात कोणत्या ठिकाणी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी येतात हे आधी शोधावे, आणि माणूस त्या क्षणाच्या थोडा अलीकडे उभा करावा. रक्तदाबाची गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशीच्या राउंडला ती दुरुस्त करता येते. शिरेतून गेलेला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा दुप्पट डोस परत काढून घेता येत नाही. विशेष प्रशिक्षण घेतलेली माणसे थोडी असतात तेव्हा ती या दुसऱ्या प्रकारच्या कामासाठीच राखून ठेवावी लागतात.

खाटांचा हिशेब का फसतो हे डे-केअरकडे पाहिले की लगेच कळते. तेथे वीस खुर्च्या असतील, पण कागदावर खाट एकही नसते. म्हणजे खाटांच्या प्रमाणात वाटणी केली, तर रुग्णालयातली सर्वांत जास्त केमोथेरपी जेथे दिली जाते त्या जागेच्या वाट्याला शून्य फार्मासिस्ट येतात, आणि चाळीस खाटांच्या शस्त्रक्रिया वॉर्डाला दोन मिळतात. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम नसते असे नाही. प्रतिजैविके किती दिवस चालू ठेवायची, रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपरिनचा डोस, वेदनाशामके हे सगळे महत्त्वाचेच आहे; पण ते कोणताही चांगला वॉर्ड फार्मासिस्ट करू शकतो आणि त्यासाठी ऑन्कॉलॉजीत तयार झालेला माणूस खर्ची घालू नये. रेडिएशन विभागाचेही तसेच आहे. तेथील बहुतेक रुग्ण रोज येऊन जाणारे असतात आणि ज्यांना रेडिएशनबरोबर दर आठवड्याचे सिस्प्लॅटिन चालू असते, म्हणजे प्रामुख्याने गर्भाशयमुखाचे आणि तोंडा-घशाचे रुग्ण, त्यांचे प्रिस्क्रिप्शन कोणत्याही सुव्यवस्थित रुग्णालयात केमोथेरपीच्या पडताळणी टेबलावरूनच, म्हणजे औषध भरण्याआधी प्रिस्क्रिप्शन तपासतात त्या जागेवरूनच, पुढे जाते. त्या टेबलावर क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक), मॅग्नेशियम आणि कानांच्या तक्रारी पाहिल्या जात असतील, तर रेडिएशन विभागात वेगळा माणूस बसवून काही नवीन साधत नाही. या विभागांच्या प्रमुखांना हे पटवणे थोडे कठीण जाते, कारण स्वतःच्या विभागाचा फार्मासिस्ट असणे हा मानाचाही भाग झालेला असतो.

आता डे-केअरच्या टेबलाचा हिशेब मांडू. समजा, रोज ३० रुग्ण येतात. त्यांपैकी ६ जणांचे उपचार नव्याने सुरू होत आहेत किंवा प्रोटोकॉल (कोणती औषधे, किती डोस, कोणत्या दिवशी यांचा ठरलेला आराखडा) बदललेला आहे, आणि उरलेले २४ जण ठरलेल्या पुढच्या सायकलसाठी, म्हणजे ठरावीक दिवसांनी येणाऱ्या केमोच्या फेरीसाठी, आले आहेत. नवीन रुग्णाची पडताळणी नीट करायची तर २५ मिनिटे सहज लागतात: निदान आणि अवस्था प्रोटोकॉलशी जुळते का, उंची-वजन आज मोजलेले आहे का, बहुतेक डोस ज्यावर ठरतात त्या शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब, मूत्रपिंड आणि यकृताचे अहवाल, हिपॅटायटिस बीची तपासणी, आधीच्या रुग्णालयात काय दिले होते, घरची चालू औषधे. पुढच्या सायकलला ८ मिनिटे धरू. म्हणजे १५० आणि १९२, एकूण ३४२ मिनिटे. जवळपास पावणेसहा तास. यात डॉक्टरांना केलेले फोन धरलेले नाहीत. एक माणूस पूर्ण दिवस फक्त एवढ्यात जातो, आणि खरी अडचण याहून वेगळी आहे, कारण हे पावणेसहा तासांचे काम दिवसभर समप्रमाणात येत नाही. सकाळी नऊ ते साडेअकराच्या दरम्यान सगळे रक्ताचे अहवाल, सगळे केस पेपर आणि सगळे नातेवाईक एकदम येतात. त्या अडीच तासांत एका माणसाकडून ३० पडताळण्या करून घेणे म्हणजे त्याला सही करायला बसवणे होय.

यावर दोन उपाय असतात. एक, त्या वेळेसाठी तीन माणसे बसवणे. हे आपल्याला परवडणारे नाही. दुसरा, काम आदल्या दिवशी सरकवणे. गोव्यात हे जमण्यासारखे आहे, कारण राज्य लहान आहे आणि प्राथमिक व सामुदायिक आरोग्य केंद्रांचे जाळे गावापर्यंत पोहोचलेले आहे. काणकोण, सत्तरी किंवा पेडणे भागातला रुग्ण पहाटे निघून रुग्णालयात पोहोचतो, रक्त देतो, अहवालासाठी थांबतो आणि दुपारी त्याला कळते की रक्तातील पेशी कमी आहेत, आज केमो नाही. त्याऐवजी आदल्या दिवशी त्याच्या जवळच्या केंद्रात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन झाले, अहवाल दुपारपर्यंत पडताळणी टेबलावर आला, तर फार्मासिस्टला संध्याकाळपर्यंत उद्याच्या यादीचा मोठा भाग शांतपणे तपासता येतो, ज्यांची सायकल पुढे ढकलायची त्यांना डॉक्टरांच्या संमतीने फोन करता येतो आणि सकाळी फक्त रुग्णाची प्रकृती, वजन आणि ताप एवढेच पाहायचे उरते. दोडामार्ग-सावंतवाडीकडून किंवा कारवारकडून येणाऱ्या रुग्णांना ही सोय लगेच मिळेल असे नाही. त्यांच्यासाठी सकाळचा वेळ राखून ठेवावा. हा बदल केल्याशिवाय डे-केअरला दोन माणसे दिली तरी ती अपुरी पडतील, आणि केल्यावर दोन पुरतील: एक उद्याच्या यादीवर, एक आजच्या.

पडताळणी हे कारकुनी काम आहे, ते संगणक करील, असे प्रशासनातील लोक कधीकधी म्हणतात, म्हणून एक उदाहरण देतो. कार्बोप्लॅटिनचा डोस पृष्ठफळावर ठरत नाही. तो १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅल्व्हर्ट सूत्राने, म्हणजे मूत्रपिंडाची गाळणक्षमता आणि २५ यांच्या बेरजेला अपेक्षित एयूसीने (शरीराला एकूण किती औषध मिळेल याच्या मापाने) गुणून, काढतात. ६८ वर्षांची, ४२ किलो वजनाची कृश स्त्री आहे, तिचे क्रिएटिनिन ०.५ आले आहे. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून काढायच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या हिशेबाने तिची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ७१ मिलिलिटर निघते आणि एयूसी ५ साठी डोस सुमारे ४८० मिलिग्रॅम होतो. संगणक हाच आकडा देईल. परंतु तिचे क्रिएटिनिन कमी आहे ते मूत्रपिंड तरुण आहे म्हणून नव्हे, तर अंगावर स्नायू उरलेले नाहीत म्हणून. अनेक केंद्रे अशा वेळी क्रिएटिनिनचा किमान आकडा ०.७ धरतात, तसे केले तर गाळणक्षमता ५१ आणि डोस ३८० मिलिग्रॅम होतो. शंभर मिलिग्रॅमचा हा फरक अशा रुग्णाला प्लेटलेट्स घसरून दाखल व्हायला पुरेसा ठरू शकतो. कोणता आकडा घ्यायचा हा डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी मिळून घेण्याचा निर्णय आहे. पण प्रश्न उपस्थित करणारा माणूस टेबलावर असावा लागतो.

दुसरी गोष्ट मूळ प्रोटोकॉल उघडून पाहण्याची. १९९४ मध्ये बोस्टनच्या डॅना-फार्बर कर्करोग संस्थेत सायक्लोफॉस्फामाइडचा चार दिवसांत मिळून द्यायचा डोस चारही दिवस रोज दिला गेला आणि त्यातून एका रुग्ण स्त्रीचा मृत्यू झाला. ते जगातले नावाजलेले केंद्र होते. लिहिलेला आकडा अनेकांच्या हातांतून गेला, पण मूळ कागदाशी तो वेळीच ताडला गेला नाही. गोव्यात या बाबतीत आणखी एक अडचण असते. येथील अनेक रुग्णांचे उपचार मुंबईत टाटा मेमोरियलला, बेळगावला किंवा मणिपालला सुरू झालेले असतात आणि दोन-तीन सायकल झाल्यावर ते घराजवळ येतात. सोबत असते ती एक फाइल, कधी तिच्यातील अर्धीच पाने. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध आयुष्यभरात मिळून ठरावीक मर्यादेपर्यंतच देता येते. साधारणतः प्रति चौरस मीटर ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे हृदयाला धोका वेगाने वाढतो. आधी किती गेले हे शोधण्यासाठी दुसऱ्या शहरातील रुग्णालयाला फोन लावून सायकलगणिक आकडे मिळवावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि म्हणूनच वर नवीन रुग्णासाठी २५ मिनिटे धरली आहेत.

तिसरा माणूस रक्तविकार आणि बालरुग्ण यांच्यासाठी, आणि तो पूर्ण वेळ. येथे रुग्णसंख्या कमी असते, त्यामुळे आकड्यांच्या तक्त्यात हा विभाग नेहमी मागे पडतो, पण मागे न घेता येणारे निर्णय येथे सर्वांत दाट आहेत. २००१ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एका अठरा वर्षांच्या मुलाला शिरेतून द्यायचे व्हिन्क्रिस्टिन हे केमोचे औषध पाठीच्या कण्यातून दिले गेले आणि तो वाचला नाही. अशा घटना जगात अनेक ठिकाणी पुन्हापुन्हा घडल्या आहेत. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता लहान सलाइन पिशवीतून द्यावे, असा इशारा प्रसृत केला. कारण पिशवी चुकून कण्याच्या सुईला कोणी जोडत नाही. आपल्या रुग्णालयात व्हिन्क्रिस्टिन अजून सिरिंजमध्ये भरून वॉर्डात जात असेल, तर माणसांची वाटणी हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्या आठवड्यात ही पद्धत बंद करावी. कण्यातून द्यायची औषधे वेगळ्या वेळी, वेगळ्या पेटीतून, नावे नोंदवलेल्या व्यक्तींच्याच हाती द्यावीत आणि त्या वेळी फार्मासिस्टने स्वतः तेथे हजर राहावे.

याच माणसाकडे उच्च मात्रेच्या मेथोट्रेक्सेटचे रुग्ण असतील. तेथे लघवीचा अल्कधर्मी स्तर, द्रवपदार्थ, ठरावीक तासांनी रक्तातील पातळी आणि ल्युकोव्होरिन हा उतारा यांचे वेळापत्रक सांभाळावे लागते, आणि त्या काळात अॅसिडिटीची गोळी, कोट्रायमॉक्साझोल किंवा वेदनाशामक चालू राहिले तर मेथोट्रेक्सेट शरीरातून बाहेर पडायला उशीर होतो. बुरशीच्या संसर्गासाठी व्होरिकोनाझोल सुरू झाले की व्हिन्क्रिस्टिनचा मज्जातंतूंवरील त्रास वाढतो. ल्युकेमियाच्या मुलाला मर्कॅप्टोप्युरिन चालू असताना कोणी अॅलोप्युरिनॉल लिहिले, तर मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा पूर्वीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांशावर आणावी लागते. नाही आणली तर पेशी धोकादायक पातळीला जातात. या सगळ्यांत एक साम्य आहे. धोकादायक औषध आधीचेच असते आणि नवीन औषध रात्री ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने चांगल्या हेतूने लिहिलेले असते. म्हणून हा फार्मासिस्ट सकाळच्या राउंडला वॉर्डात हवा, कार्यालयात नको. मुलांच्या बाबतीत वजन दर भेटीला बदलते, गोळी चौथाई करून द्यावी लागते आणि आईला आठवड्याचे वेळापत्रक लिहून द्यावे लागते, हेही त्याच्याच कामात येते.

चौथा माणूस मी तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या ओपीडीला देईन. आपल्या मागणीच्या यादीत या सेवेचे नावच नाही, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ती कोणत्याही एका विभागाची नाही. केपसिटाबीन, इमॅटिनिब, एर्लोटिनिब, अॅबिराटेरॉन, टॅमोक्सिफेन, लेट्रोझोल अशी औषधे घेऊन रुग्ण घरी जातो आणि महिनाभर त्याच्यावर कोणाचीही नजर नसते. केपसिटाबीन साधारणपणे दोन आठवडे घेऊन एक आठवडा थांबवायचे असते. हे नीट समजले नाही, तर रुग्ण तिसऱ्या आठवड्यातही गोळ्या घेत राहतो आणि जुलाब व तळहात-तळपायांची सालपटे घेऊन येतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाला केपसिटाबीन दिले की आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अॅबिराटेरॉन उपाशीपोटी आणि प्रेडनिसोलोनच्या जोडीनेच घ्यायचे असते, तर इमॅटिनिब जेवणाबरोबर. एर्लोटिनिब किंवा डॅसॅटिनिब चालू असताना सकाळी पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी घेतली तर मूळ औषध शरीरात नीट शोषलेच जात नाही. आपल्याकडे पित्ताची गोळी प्रत्येक घरात असते आणि रुग्ण तिला औषध समजतच नाही, म्हणून तो ती सांगत नाही. विचारावे लागते. गावठी काढे आणि पाळेमुळे यांचेही तसेच. रागावून विचारले तर उत्तर मिळत नाही.

या ओपीडीत भाषेचा विचार नेमणुकीतच करावा. सासष्टीची आजी कोकणीत बोलेल, दोडामार्गचा शेतकरी मालवणी वळणाच्या मराठीत, कारवारकडची माणसे कोकणी किंवा कन्नडमध्ये. पाच जणांत दोघे तरी कोकणी आणि मराठी दोन्ही सहज बोलणारे असावेत आणि त्यांपैकी एक या ओपीडीत असावा. औषधांची माहितीपत्रके देवनागरी आणि रोमी दोन्ही लिपींत छापून घ्यावीत. सासष्टी-बार्देशमधील ज्येष्ठ ख्रिस्ती रुग्ण बहुधा रोमी लिपीतील कोकणीच वाचतात. ही ओपीडी आठवड्यातून तीन दिवस चालली तरी पुरते. उरलेल्या वेळात हाच माणूस मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या वॉर्डातील दाखल रुग्ण पाहील. तेथे येणारे रुग्ण बहुधा उपचारांच्या त्रासामुळेच दाखल झालेले असतात, त्यामुळे घरी काय चुकले हे ओपीडीत बसणाऱ्याला चांगले कळते.

पाचव्या माणसाबद्दल मात्र आपल्याशी माझा पूर्ण मतभेद आहे. तो कोणत्याही जागेला बांधू नये. सुट्ट्यांचा हिशेब करून पाहा. पाच दिवसांचा आठवडा धरला तर वर्षात २६० दिवस होतात. त्यातून ३० दिवस अर्जित रजा, ८ किरकोळ रजा, पंधरा-सतरा सार्वजनिक सुट्ट्या आणि प्रशिक्षणाचे काही दिवस वजा केले की एका माणसाचे हाती येणारे दिवस २०० च्या आसपास उरतात. सार्वजनिक सुट्टीला डे-केअर बंद असले तरी आजारपण आणि बाळंतपणाची रजा या हिशेबात अजून आलेलीच नाही. म्हणजे पाच माणसे ही प्रत्यक्षात रोजची चार माणसे आहेत. पाच जागा ठरवून पाच माणसे नेमली, तर वर्षातील बराच काळ एक जागा रिकामी राहील आणि ती कोणती हे योगायोगाने ठरेल. त्यापेक्षा चार जागा ठरवा आणि पाचवा, तोही दोन अनुभवी व्यक्तींपैकी एक, बदलीसाठी मोकळा ठेवा. सगळे हजर असतील त्या दिवशी त्याच्याकडे प्रोटोकॉलची देखभाल, नव्यांचे प्रशिक्षण, कण्यातील औषधांची नोंदवही आणि जिल्ह्यांचे फोन असावेत. नॅशनल कॅन्सर ग्रिडने (देशातील कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याने) प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे आपल्या रुग्णालयाचा स्वतःचा प्रोटोकॉलसंच करणे, हे त्याचे पहिल्या सहा महिन्यांचे मुख्य काम होईल.

रजेबाबत गोव्याची एक खास गोष्ट सांगायला हवी. गणेश चवथीच्या दिवसांत रुग्णही गावी जातात आणि कर्मचारीही. त्या आठवड्यात डे-केअर रिकामे दिसते, आणि पुढच्या आठवड्यात ढकललेल्या सगळ्या सायकली एकदम अंगावर येतात. चवथीच्या तीन आठवडे आधी फार्मासिस्टने त्या काळात येणाऱ्या सायकलींची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. बरे करण्याच्या हेतूने चाललेले उपचार, उदाहरणार्थ स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची केमो, सणासाठी सरकवू नये. त्रास कमी ठेवण्यासाठी चाललेल्या उपचारांत आठवडाभराची सवलत बहुधा देता येते. कोणाला कोणती सवलत, हे आधी ठरले की गर्दीही आधी वाटली जाते. फार्मासिस्टच्या रजा चवथीच्या आठवड्यात उदारपणे द्याव्यात आणि नंतरच्या आठवड्यात देऊ नयेत.

जिल्हा रुग्णालयांबद्दल. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. एवढ्या लहान राज्यात विशेष उपचारांचे निर्णय एक-दोन ठिकाणीच होतात आणि तसे होणेच योग्य आहे. मडगाव किंवा म्हापशाला आठवड्यातून एक दिवस गेलेला फार्मासिस्ट त्या दिवशी तेथे जे घडेल तेच पाहील. ताप घेऊन आलेला केमोचा रुग्ण मात्र उरलेल्या सहा दिवसांपैकी एखाद्या रात्री येईल. त्यापेक्षा तेथील कायम फार्मासिस्टांपैकी प्रत्येकी दोघांना आपल्याकडे काही आठवडे बसवून तयार करावे, एक फोन क्रमांक रोज चालू ठेवावा आणि केमो घेतलेल्या प्रत्येक रुग्णाजवळ कोणते औषध, कोणत्या तारखेला, पेशी कधी सर्वांत खाली जातील आणि किती ताप आल्यास लगेच यायचे, हे लिहिलेले कार्ड द्यावे. तपासलेली, तयार भरलेली केमो जिल्ह्यात पाठवून तेथे द्यायची योजना असेल तर विचार बदलतो. पण औषध तयार झाल्यावर किती तास टिकते, हे प्रत्येक औषधाचे वेगळे असते. अॅझासिटिडीनसारखे औषध पाण्यात मिसळल्यावर फार थोडा वेळ टिकते आणि पावसाळ्यातील रस्त्यांवर तो वेळ सहज निघून जातो. अशी औषधे त्या यादीत घेऊ नयेत.

औषध भरण्याच्या खोलीविषयी आपण काही विचारलेले नाही, पण वाटणीतील सर्वांत मोठी गळती तेथे होते. तयार फार्म डी हाताशी आला की त्याला सेफ्टी कॅबिनेटसमोर (केमो ज्यात सुरक्षितपणे भरतात त्या कपाटासमोर) बसवण्याचा मोह होतो. ते काम कौशल्याचे आहे आणि ते प्रशिक्षित डी फार्म (पदविका) किंवा बी फार्म (पदवी) फार्मासिस्टने करावे. त्यासाठी वेगळी पदे मागावीत. ज्याने प्रिस्क्रिप्शन तपासले त्यानेच औषध भरले, तर दुसरी नजर उरत नाही. भरलेल्या औषधाची शेवटची तपासणी क्लिनिकल फार्मासिस्टने करावी, तीही ज्याने सकाळी पडताळणी केली त्याने नव्हे. आपल्याकडे अजूनही नर्स वॉर्डातल्या टेबलावर केमो मिसळत असतील, तर वरील सगळा क्रम बाजूला ठेवून पहिली दोन माणसे ही पद्धत बंद होईपर्यंत त्या कामाला लावावीत. त्या नर्सच्या आरोग्याचाही तो प्रश्न आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या) मंजुरीची कागदपत्रे आणि इंडेंट (औषधांची मागणीपत्रके) ही कामेही हळूहळू याच टेबलावर येऊन बसतात. औषधाच्या निवडीबाबत डॉक्टरांचा अभिप्राय लागतो तेवढा फार्मासिस्टने मिळवून द्यावा, बाकी काम कारकुनाचे आहे.

पॅलिएटिव्ह केअरसाठी वेगळा माणूस आत्ता देता येणार नाही, पण आठवड्यातून एक अर्धा दिवस चौथ्या फार्मासिस्टने तेथे बसावे. २०१४ च्या कायदेदुरुस्तीनंतर मॉर्फिनसह सहा अत्यावश्यक मादक औषधांसाठी मान्यताप्राप्त संस्थांना परवान्यांची प्रक्रिया सोपी झाली आहे. तरीही साठा, नोंदी आणि घरी नेलेल्या मॉर्फिनचा हिशेब यांत अडथळे येतात, आणि त्याचा परिणाम म्हणून रुग्णाला वेदना होत असताना गोळी मिळत नाही. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठतेचे औषध पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे का, एवढे जरी त्या अर्ध्या दिवसात पाहिले तरी पुष्कळ आहे.

नव्या तिघांना स्वतंत्र सही केव्हा द्यावी, हेही वाटणीतच येते. फार्म डी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम भारतात २००८ पासून आहे आणि त्यात रुग्णालयातील काम शिकवले जाते, पण केमोथेरपीच्या पडताळणीसाठी तेवढे पुरत नाही. निदान सहा महिने अनुभवी माणसाच्या शेजारी बसून, प्रत्येक आजाराच्या प्रोटोकॉलची स्वतंत्र परीक्षा घेऊन, एकेका गटासाठी सही द्यावी: आधी स्तन आणि आतडे, मग फुप्फुस आणि तोंड-घसा, सर्वांत शेवटी ल्युकेमिया आणि मुले. म्हणजे पहिले सहा महिने आपल्याकडे पाच नव्हे, दोन फार्मासिस्ट आहेत, हे प्रशासनाला लेखी कळवावे. त्या काळात रक्तविकार व बालरुग्ण आणि डे-केअर या दोनच सेवा पूर्ण चालवाव्यात, जागांची अदलाबदल सुरू करू नये, आणि तोंडावाटेच्या औषधांची ओपीडी केपसिटाबीन व इमॅटिनिब या दोनच औषधांपासून सुरू करावी. पुढेही प्रत्येक सेवा निदान दोघांना येत असावी. वर्षातून एकदा, सगळ्यांची नव्हे, एका जोडीची अदलाबदल करावी. सतत फिरवत राहिले तर डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यात तो विश्वास तयारच होत नाही, ज्याच्या बळावर निवासी डॉक्टर रात्री अकरा वाजता फोन करून विचारतो.

कामाचे मोजमाप किती सूचना दिल्या यावर करू नये. तसे केले की सूचना वाढतात आणि डॉक्टर त्या वाचणे सोडतात. तीनच गोष्टी नोंदवाव्यात: डोस बदलला किंवा औषध थांबले अशा सूचना, त्या प्रत्येकीच्या वेळी औषध भरले जाण्याआधी चूक सापडली की नंतर, आणि पडताळणीविना गेलेल्या केमोंची संख्या. दर तीन महिन्यांनी ही नोंद जागेनुसार मांडावी. एखाद्या ठिकाणी सलग दोन तिमाही गंभीर काही सापडत नसेल आणि दुसरीकडे औषध भरल्यानंतर चुका सापडत असतील, तर माणूस पहिल्या ठिकाणाहून दुसरीकडे हलवावा. हे करण्याचा अधिकार औषध विभागप्रमुखाचा आहे, त्यासाठी प्रत्येक विभागाची संमती लागणार नाही, असा आदेश वैद्यकीय अधीक्षकांकडून नेमणुकीच्या आधीच काढून घ्यावा. नेमणुका झाल्यावर तो निघत नाही. त्याच आदेशात रेडिएशन आणि शस्त्रक्रिया विभागांत नेमलेला ऑन्कॉलॉजी फार्मासिस्ट नसेल, केमो घेणाऱ्या त्यांच्या रुग्णांची पडताळणी डे-केअरच्या टेबलावर होईल आणि जिल्हा रुग्णालयांना फोनवर मदत मिळेल, हेही स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.